घरचे मुलकी कामकाज

मुलकी खात्यात ज्याचा उभा जन्म गेला त्याचे घर आणि त्याची कचेरी ही दोन निरनिराळी ठिकाणे आहेत असे सरकार मानते, त्याची बायको मानत नाही, आणि त्याची मुले तर या भेदाची दखलसुद्धा घेत नाहीत. दौतीला बूच बसले, लाल फडक्यात बांधलेले रुमाल कपाटात गेले आणि पट्टेवाल्याने कुलूप ओढून पाहिले, म्हणजे दिवसाचे कामकाज संपले असे समजण्याचा परिपाठ आहे. परंतु वास्तविक त्या घटकेला कामकाजाची फक्त जागा बदलते. ताबा, हद्द, वहिवाट, वाटणी आणि थकबाकी या ज्या पाच गोष्टींशी दिवसभर झुंजून मनुष्य घरी येतो, त्या पाचही उंबरठ्याच्या आत, वयाने लहान पण आवाजाने थोर अशा स्वरूपात, त्याची वाट पाहत उभ्या असतात. कचेरीत निदान अर्जाला तिकीट लावावे लागते म्हणून काही मंडळी तरी विचार करून भांडतात. घरी तोही अडसर नसतो.

मी वाईच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होतो तेव्हाच्या या गोष्टी. घरात माझी आई, सौभाग्यवती आणि तीन अपत्ये असा कारभार होता. अपत्यांची नावे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. दप्तरी शिरस्त्याप्रमाणे थोरली, मधला आणि धाकटा एवढ्यावर भागेल. थोरली पाटीवरून वहीवर आलेली, मधला पाटीवर स्थिरावलेला आणि धाकटा पाटीचा उपयोग अजून बसण्यासाठी करणारा, असा त्यांच्या विद्येचा उतरता क्रम होता. काळ मोठा धामधुमीचा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. त्यामुळे थोरलीने भूगोलाच्या तासाला घोकलेले राज्य मधला त्या इयत्तेत पोचेपर्यंत टिकले नाही, आणि आपल्या बहिणीला आपले राज्यदेखील ठाऊक नाही असा डांगोरा त्याने आळीभर पिटला. राज्ये बदलत होती, नाणी बदलत होती, जमिनींचे मालक बदलत होते. परंतु आजीच्या कोणत्या कुशीला कोणी निजावयाचे हा प्रश्न मात्र कोणत्याही कायद्याने सुटण्यासारखा नव्हता.

तो प्रश्न असा होता. आजीला कुशी दोन आणि हक्कदार तीन. उजवी कूस भिंतीकडची, तीत निजणाऱ्याला भुताचे भय नाही. डावी कूस दाराकडची, पण तिकडे तोंड करून आजी गोष्ट सांगे, म्हणून तिचेही मोल कमी नव्हते. थोरलीचे म्हणणे असे, की धाकटा जन्मण्यापूर्वीपासून उजव्या कुशीची वहिवाट आपली, ती निर्वेध, उघड आणि सर्वांच्या माहितीने चालू आहे, सबब तिला हरकत घेण्याचा कोणास अधिकार नाही. हे शब्द अर्थात तिचे नव्हेत, माझे आहेत. तिने नुसते "मी पहिल्यापासून तिथेच निजते" असे म्हटले होते. पण १९०६ सालच्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली वाटेचा किंवा पाण्याचा दावा घेऊन येणारा वादीदेखील वकिलाचा कागद बाजूला ठेवला तर याहून निराळे काही म्हणत नसे. त्या कायद्यात एक सोय अशी आहे, की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आणला पाहिजे. मुदत टळली की मामलेदार दार लावून घेतो. ही मुदतीची अट ज्या कोणी शोधून काढली त्याला लेकरे असली पाहिजेत असे मला नेहमी वाटत आले आहे, कारण मुलांच्या तक्रारीला मुदत नसते आणि तिचा ताप काय होतो हे आईबापांवाचून कोणास कळणार? सातारला जाणाऱ्या यस्टीत खिडकीची जागा कोणाची, हे ठरवताना गेल्या उन्हाळ्यातल्या, त्याच्या आधीच्या दिवाळीतल्या आणि मावशीच्या लग्नाला गेलो होतो त्या प्रवासातल्या जागा तोंडी पुराव्याने शाबीत केल्या जात, आणि लग्नाच्या वेळी मधला मांडीवरचा होता ही हरकत "मांडी खिडकीजवळ होती" या एका वाक्याने निकालात निघे.

आजीच्या अंथरुणावरची हद्द गोधडीच्या शिवणीने कायम केलेली होती. ती शिवण ओलांडून रात्रीतून अतिक्रमण होई, आणि ते करणारा धाकटा झोपेत असल्यामुळे त्याच्यावर हेतूचा आरोप ठेवता येत नसे. सकाळी उठून मधला मोजणी करी. आमच्याकडे जमिनीची मोजणी तेहतीस फुटी साखळीने होई. साखळीचे सोळा आणे, साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. हे गणित मी घरी कधी बोललो असेन, ते त्याने उचलले आणि साखळीच्या ठिकाणी आपली वीत योजून गोधडीचे क्षेत्र काढण्यास आरंभ केला. थोरलीने फेरमोजणी मागितली. तिची वीत मोठी, सबब तिचे क्षेत्र कमी भरे. त्याची लहान, सबब जास्त. दोघेही प्रामाणिकपणे मोजीत होती आणि दोघांचेही आकडे खरे होते, हा प्रकार मोजणी खात्यातल्या जुन्या माणसांना नवीन वाटणार नाही. अखेरीस आजीनेच निवाडा दिला : धाकट्याला पोटावर घेतले, दोघांना दोन कुशींत ओढले, आणि गोधडी उलटी अंथरली, म्हणजे शिवण दिसेनाशी झाली.

वाटणीच्या कामात मात्र आजीचा असा मोघम कारभार चालत नसे, कारण वाटणीची वस्तू पोटावर घेता येत नाही. दिवाळीत लवंगी फटाक्यांची माळ आणली, की ती सबंध लावून एका मिनिटात राख करण्याइतकी कोणाची ऐपत नव्हती. माळेची वीण सोडून एकेक लवंग मोकळी करावयाची आणि तिघांत वाटावयाची, असा आळीतल्या सर्वच घरांचा रिवाज होता. कचेरीत आम्ही १९४७ सालच्या तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायद्याप्रमाणे जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून फेरफारावर फेरफार तपाशीत होतो, आणि संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने एका माळेचे तुकडे पाडीत ओटीवर बसलेला असे. या कामी भाऊबंदकीतला एक जुना आणि सर्वमान्य संकेत मी घरात लागू केला : जो वाटे करील त्याने शेवटी उचलावे. वाटे करण्याचा मान थोरलीला, पहिला वाटा उचलण्याचा धाकट्याला. हा संकेत लागू होताच थोरलीच्या अंगी जी न्यायबुद्धी संचारली ती पाहण्यासारखी होती. तिने नुसत्या लवंगा मोजल्या नाहीत. वात नसलेल्या वेगळ्या, वात आखूड असलेल्या वेगळ्या, दमट लागलेल्या वेगळ्या, अशी प्रतबंदी केली, आणि प्रत्येक प्रतीतून सारख्या लवंगा तिन्ही वाट्यांत घातल्या. जिराईत, बागाईत, भातशेती अशी जमिनीची प्रतवारी करून सारा बसवणाऱ्या जुन्या सर्व्हे अंमलदारांनीही याहून अधिक काही केले नव्हते. इतके झाल्यावर धाकट्याने आपला वाटा उचलला तो लवंगांकडे न पाहता ज्या वाट्याखाली रंगीत कागद होता तो.

त्याच दिवाळीत, हात वाट्यांवरच असताना, थोरलीने मला विचारले, "अण्णा, मुलीचा वाटा किती?" १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा अमलात आला होता. कोणाचा बाप वारला की त्याच्या हिश्शाच्या वारसांत मुलाबरोबर मुलीचे आणि विधवेचे नाव येऊ लागले होते, आणि त्या नोंदी होताना कचेरीच्या पायऱ्यांवर भावाभावांचे काय चेहरे होतात ते मी घरी आलेल्या एका स्नेह्याला वर्णन करून सांगत असता हिने कानावर घेतले होते. मी म्हणालो, "सारखा." तिने मान डोलवली आणि पुन्हा कामाला लागली. वास्तविक तिचा वाटा आधीपासूनच सारखा होता. परंतु तो वडिलांच्या मर्जीने सारखा आहे की कायद्याने, एवढीच तिला खात्री करून घ्यावयाची होती. या प्रश्नाचे महत्त्व मला त्या वेळी हसू आले तरी समजले होते.

१ एप्रिल १९५७ हा दिवस आमच्या कचेरीवर आणि घरावर एकाच वेळी उगवला. त्या दिवशी रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर नये पैसे आले. आणि त्याच दिवशी, कृषकदिन म्हणून, कुळकायद्याने जमीन कसणारे कूळ त्या जमिनीचे खरेदीदार मानले. कचेरीत दुसऱ्या गोष्टीची धांदल उडाली, घरात पहिलीची. मुलांना बाजाराच्या दिवशी प्रत्येकी एक आणा मिळे, त्याच्या लिमलेटच्या गोळ्या येत. आता एका आण्याचे होतात सव्वासहा नये पैसे, आणि पाव नया पैसा टांकसाळीत निघत नाही. म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असा हिशेब छापला होता. मी सहा सहा नये पैसे देऊ लागलो. चार बाजार होताच थोरली वही घेऊन हजर झाली. चार बाजारांचे चार आणे, म्हणजे पावली, म्हणजे पंचवीस, मिळाले चोवीस, सबब एक नया पैसा थकबाकी. मी ती बिनतक्रार चुकती केली. परंतु मधल्याने तक्त्याकडे बराच वेळ पाहून निराळाच अर्ज केला. त्याचे म्हणणे, मला दर बाजारी देऊ नका, तीन बाजारांचे एकदम द्या. कारण तीन आण्यांना एकोणीस मिळतात आणि सहा त्रिक अठराच होतात. पुढे तोच मुलगा हिशेबतपासणीच्या कामात नावारूपाला आला यात कोणास नवल वाटू नये. धाकट्याची मागणी सर्वांत साधी होती. त्याला नवे नाणेच नको होते. त्याला मधोमध भोक असलेला जुना पैसा हवा होता, कारण तो कडदोऱ्यात ओवता येतो आणि हरवत नाही. चलनाच्या उपयोगाविषयी याहून शहाणपणाचे मत मी अर्थशास्त्राच्या जाणकारांकडूनही ऐकलेले नाही.

हे सर्व तंटे माझ्याकडे अव्वल चौकशीला येत, पण अखेरचा हुकूम माझा नसे. मामलेदाराच्या हुकमावर प्रांताकडे, तेथून कलेक्टराकडे आणि तेथूनही मुंबईच्या रेव्हेन्यू ट्रायब्युनलपर्यंत जाता येई, तशी घरातही अपिलाची शिडी होती. माझ्या निकालाने नाराज झालेला पक्ष स्वयंपाकघरात जाई. तेथे सुनावणी कामाच्या ओघात चाले. पोळी तव्यावर असेल तर तहकुबी मिळे, भाकरी असेल तर दावा खर्चासह काढून टाकला जाई. तेथूनही समाधान न झाले तर देवघरात आजी होतीच. तिच्यापुढे कागद नाही, पुरावा नाही, कारणमीमांसा नाही. ती दोन्ही पक्षांच्या हातावर एकेक बेसनाचा लाडू ठेवी आणि दोघेही जिंकून बाहेर येत. या अपिली न्यायालयामुळे माझ्या कित्येक सकारण हुकमांचे मातेरे झाले. तथापि मी त्याची तक्रार केली नाही. कारण लाडवाचा डबा रिकामा असेल तेव्हा पक्षकार पुन्हा माझ्याकडेच येत, आणि तेव्हा त्यांना खरोखरच निकाल हवा असे.

हसण्यावारी न्यावयाचा हा भाग येथे संपतो असे नाही, पण त्याच्या पोटात मला जे एक सापडले ते सांगण्यासाठी कचेरीत काय चालले होते ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कृषकदिनी कूळ खरेदीदार झाले हे खरे, तरी तो निकाल कायद्याच्या पुस्तकातला होता. तो उताऱ्यावर उतरावयाचा तर कलम ३२ गप्रमाणे कुळाला आणि मालकाला नोटिसा निघत, कुळाने हजर होऊन आपण जमीन घेण्यास तयार आहो की नाही ते सांगावे लागे, आणि मग साऱ्याच्या वीसपट ते दोनशेपट या मर्यादेत किंमत ठरून हप्ते बांधले जात. कुळाने "मला नको" म्हटले, तर ती खरेदी निष्फळ ठरे. म्हणजे ज्या जमिनीत एका घराण्याच्या दोन दोन पिढ्या राबल्या, ती एका शब्दाने जावयाची. असे जबाब लिहून घेण्याचे काम माझ्याकडे असे, आणि जबाबाच्या शेवटी, "वर लिहिलेला मजकूर वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे," असे लिहून सही किंवा डाव्या अंगठ्याची निशाणी घेतली जाई.

"नको" म्हणणारी कुळे निघत. कोणी म्हणे मालकांनी अडीअडचणीला धान्य दिले आहे. कोणी म्हणे म्हातारपणी हप्ते कोण फेडणार. आणि कोणी काहीच कारण न सांगता "मालक म्हंतील तसं" एवढे बोलून बाकाकडे पाही, जेथे मालक पंचा सावरून बसलेले असत. कागदावर यात काही उणे नव्हते. पक्षकार हजर, जबाब स्वखुशीचा, मजकूर वाचून दाखविलेला, निशाणी उमटलेली.

आता घरातले पाहा. माझा एक मेहुणा कोकणातून येताना एक भोवरा घेऊन आला. लाकूड गुळगुळीत, वर लाखेचे लाल हिरवे पट्टे, आणि टोकाला लोखंडी आर अशी, की जमिनीला टेकताच गुणगुणू लागे. जाळी एक, मुले तीन. मेहुण्याने तो कोणासाठी आणला हे सांगितले नाही आणि पहाटेच्या गाडीने गेला, म्हणजे मृत्युपत्राशिवाय वारसा उघडला. मी तिघांना ओटीवर बोलावले आणि विचारले, "भोवरा कोणाला हवा?" थोरली म्हणाली, मला. धाकटा म्हणाला, मला. मधला म्हणाला, "मला नको." हे ऐकून थोरलीच्या मुद्रेवर समाधान पसरले, पण मधल्याचे डोळे तिच्याकडे नव्हते, माझ्याकडे नव्हते, ते भोवऱ्यावर होते आणि हलत नव्हते. हक्कसोड करणारा मनुष्य सोडलेल्या वस्तूकडे सहसा असा पाहत नाही. आणि ते डोळे पाहताना मला एकदम त्या दिवशी दुपारचा एक म्हातारा आठवला, ज्याने "नको" म्हणताना आपली टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि बोटाने तिची शिवण चाचपीत बसला होता.

मी तिघांना सांगितले, की असा निकाल होणार नाही, रीतसर जबाब होतील आणि एकेकाचे होतील. बाकीच्यांनी परसात जावे. पुकारा झाल्याशिवाय आत येऊ नये. जुन्या छापील फॉर्माची कोरी बाजू घेतली, टाक दौतीत बुडवला, आणि मधल्याला समोर बसवून नाव, वय, धंदा यांपासून सुरुवात केली. धंदा काय लिहावयाचा यावर थोडा खल झाला. त्याने "विटीदांडू" सांगितले, तसे लिहिले. मग मी विचारले, "भोवरा हवा की नको?" तो दाराकडे पाहू लागला. मी टाक खाली ठेवला आणि थांबलो. कचेरीत थांबण्याला वेळ नसतो, बाहेर वीस पुकारे खोळंबलेले असतात. घरी मात्र मी थांबू शकत होतो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ताईसमोर नको. इथं हवा." मी तसेच लिहून घेतले. कारण विचारता असे निष्पन्न झाले, की आदल्या आठवड्यात त्याच्या हातून पाटी फुटली होती, ती ताईने आईपासून लपवली होती, आणि त्याबद्दल कोणत्याही तंट्यात तिच्याविरुद्ध बोलावयाचे नाही असा दोघांत तोंडी करार होता. थोडक्यात, पक्षकारावर उपकाराचे कर्ज होते आणि त्याचे व्याज चालू होते.

थोरलीचा जबाब झाला. तिला स्वतंत्रपणे विचारल्यावर तिने पाटीचा करार लगेच कबूल केला आणि त्या कराराचा भोवऱ्याशी संबंध नाही हेही मान्य केले. तिला तसे कोणी विचारले नव्हते एवढेच. धाकट्याला लिहिता येत नव्हते म्हणून त्याचा अंगठा घेतला. शाईत बुडवलेला तो चिमुकला डावा अंगठा त्याने प्रथम कागदावर, मग माझ्या धोतरावर आणि तेथून भिंतीवर, मोठ्या गांभीर्याने, ओळीने तीनदा उमटवला. ही निशाणी पुढच्या दिवाळीच्या चुन्यापर्यंत भिंतीवर कायम होती. भोवरा आळीपाळीने खेळावा, आणि पहिली पाळी मधल्याची, असा हुकूम झाला. अपील कोणी केले नाही. गमतीची गोष्ट अशी, की ज्याला पहिली पाळी मिळाली त्याने दोनदा फिरवून भोवरा बहिणीच्या हातात दिला. या खेपेस "घे" म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिले.

कचेरीत मी काही कायदा बदलणारा नव्हतो. पण आमच्या साहेबांना मी एवढे सुचवले, की कुळाचा जबाब चालू असता मालकांना बाहेरच्या बाकावर बसण्याची विनंती करावी, त्यांचा पुकारा स्वतंत्र व्हावा, आणि मग कुळाला जबाब वाचून दाखविण्याआधी "नको म्हणालास तर काय होईल" हे त्याच्या बोलीत एकदा सांगावे. साहेब वयाने माझ्याहून लहान आणि दोन लेकरांचे वडील होते. त्यांनी विशेष पृच्छा न करता ते मानले. त्यानंतर सर्वांनी "हवी" म्हटले असे नाही. काहींनी मालक बाहेर असतानाही, नीट विचार करून, स्पष्ट आवाजात "नको" सांगितले आणि अंगठा उठवून जड पण सावध पावलांनी निघून गेले; तो त्यांचा अधिकार होता. परंतु काहींनी दाराकडे पाहिले, थांबले, आणि मग अंगठा वेगळ्या मजकुराखाली उमटला. पुढे कायद्यातच अशा हुकलेल्या कुळांना पुन्हा संधी देणारे कलम घालण्यात आले, यावरून हा अनुभव एका तालुक्यापुरता नव्हता हे उघड आहे.

मुलांनी मला न्याय शिकवला असे म्हणण्याचा माझा मानस नाही. तीन मुलांत वाढलेल्या कोणालाही त्यांच्या न्यायबुद्धीविषयी भ्रम राहत नाही. त्यांनी मला दाखवले ते इतकेच, की जो मोठ्याने मागतो त्याचे गाऱ्हाणे ऐकण्यास अंमलदार लागत नाही, ते आळीला ऐकू जाते. अंमलदाराचे काम जो मागत नाही त्याच्यापासून सुरू होते. मोठ्या माणसांचे "नको" इतके सराईत झालेले असते, की त्यामागे काय आहे ते दिसत नाही. लहान मुलाला ही कला पुरती साधलेली नसते, म्हणून त्याचे तोंड एक सांगते आणि डोळे दुसरे. घरात हे वारंवार पाहावयास मिळाल्यामुळे कचेरीत ते ओळखणे मला सोपे गेले. मुलकी खात्याच्या परीक्षांना जी पुस्तके नेमलेली होती त्यांत हे प्रकरण नव्हते.

तेव्हापासून आमच्या घरात एक कायदा रूढ झाला : जो "नको" म्हणेल त्याला दुसऱ्यांदा, एकट्याला, विचारावयाचे. मुलांनी तो जितक्या लवकर उचलला तितक्या लवकर त्यांनी परवचाही उचलला नव्हता, आणि तो त्यांनी जिथे वापरला तिथे माझे लक्ष कधी गेले नव्हते. होळीचा दिवस होता. पुरणाच्या पोळ्या झाल्या होत्या, पंगत उठत आली होती आणि ताटात शेवटची पोळी होती. सौभाग्यवतीने ती माझ्या पानात वाढण्यासाठी उचलली. मी म्हटले, "तुम्हाला?" ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "मला नको. माझं पोट करतानाच भरलं." थोरलीने मान वर केली, मधल्याने घास खाली ठेवला, आणि थोरली अगदी माझ्या कचेरीतल्या आवाजात म्हणाली, "अण्णा, आईचा जबाब सर्वांसमोर झालाय. तो चालत नाही."

मी सौभाग्यवतीकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या संसारात तिने शेवटच्या पोळीविषयी हेच उत्तर दिले होते आणि ते मी हेच उत्तर म्हणून नोंदवीत आलो होतो. मी रीतसर विचारले, "खरं सांगा. हवी की नको?"

ती पोळीवर तूप सोडीत म्हणाली, "आधी तुम्ही सगळे उठा, हात धुवा आणि बाहेर ओटीवर जाऊन बसा. मग एकेकानं या विचारायला."

आम्ही आजीसकट ओटीवर जाऊन बसलो. पुकारा बराच वेळ झाला नाही. झाला तेव्हा ताट घासून पालथे घातलेले होते आणि प्रकरणाचा निकाल एकतर्फी लागला होता.